त्रेचाळीस कलमांची नोटीस

४ सप्टेंबर

सात महिने या वहीत काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. कोणाची मागतेय ते ठाऊक नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. फेब्रुवारीत दाढ काढली तिथे लिहिणं थांबलं. दाढेचा त्यात दोष नाही.

आज बसले कारण अपग्रेडला मंजुरी मिळाली. आमच्या छापखान्यात शाई नसते. अंध मुलांची पाठ्यपुस्तकं इथे ब्रेलमध्ये निघतात. संगणक मजकुराचे ठिपके करतो आणि एम्बॉसर ते जाड कागदावर उठवतो. संगणकांची जबाबदारी चौदा वर्षं माझ्याकडे आहे. सगळे लिनक्स या प्रणालीवर चालतात, आणि आवृत्ती इतकी जुनी की तिला आता कोणी वाली उरलेला नाही. प्रस्ताव दोनदा परत आला होता. तिसऱ्या वेळी मी एक वाक्य वाढवलं : 'नव्या सॉफ्टवेअरमुळे मुद्रितशोधनाचं काम निम्म्याने कमी होईल.' दुसऱ्याच दिवशी सही झाली.

हे वाक्य खरं आहे की नाही, मला माहीत नाही. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी 'अधिक अचूक' एवढंच लिहिलं होतं. अधिक अचूक म्हणजे निम्मं काम, हे गणित माझं.

मुद्रितशोधन म्हणजे ताई. त्यांना जन्मापासून दिसत नाही, आणि इथून बाहेर जाणारी प्रत्येक ओळ आधी त्यांच्या बोटांखालून जाते. त्यांचा करार वर्षावर्षाचा असतो. यंदाचा ३० तारखेला संपतो. आज व्यवस्थापक म्हणाले, "निम्म्या कामाला अख्खा माणूस कशाला?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं," मी म्हटलं.

"लिहिलंय तर तुम्हीच."

हे खरं आहे. मीच लिहिलंय.

६ सप्टेंबर

छापखाना बंद होता म्हणून आज अपग्रेड केलं. सकाळी नऊला सुरुवात, अडीचला संपलं. मध्ये तीनदा यंत्र थांबून विचारत होतं : या सेटिंगच्या फाइलीत तुम्ही बदल केलेले आहेत, तुमची ठेवू की नवी घालू? तिन्ही वेळा मी आमची ठेवली आणि वेळ टिपून ठेवली. बाकी शेकडो फाइलींबद्दल काही विचारलं नाही. ज्यांना आम्ही कधी हात लावला नव्हता, त्या आमच्या नव्हेतच असं धरून त्याने बदलून टाकल्या. त्याच्या बाजूने पाहिलं तर बरोबर आहे. चौदा वर्षं एखादी गोष्ट आपल्याला हवी तशी चालत असली की 'ही अशीच हवी' असं कुठे लिहून ठेवायचं सुचत नाही.

घरी येऊन झोपले. झोप छान लागली, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

८ सप्टेंबर

काय काय बदललं हे सगळ्यांना कळवणं माझं काम. दोन दिवस बसून नोटीस तयार केली. अकरा पानं, त्रेचाळीस कलमं. सॉफ्टवेअरबरोबर आलेली बदलांची यादी समोर ठेवून एकेक कलम मराठीत आणलं. काही गाळलं आणि नेमकं तेच अंगाशी आलं तर काय, म्हणून काहीच गाळलं नाही.

नवऱ्याला वाचून दाखवली. तो लोकांना मोटार चालवायला शिकवतो, त्यामुळे त्याच्यात सहनशक्ती आहे. एकोणतिसाव्या कलमापर्यंत टिकला.

"'अंकांच्या निरूपणाचे पूर्वनिर्धारित मूल्य बदलण्यात आले आहे.' म्हणजे काय?"

"म्हणजे आधी एक होतं, आता दुसरं आहे."

"एक म्हणजे?"

"आधीचं."

"बरं," तो म्हणाला, आणि कुत्र्याला फिरवायला घेऊन गेला.

त्या कलमाचा अर्थ मलाही नीट कळलेला नाही. मूळ यादीत तेवढंच होतं. पण गाळण्यापेक्षा असलेलं बरं. शेवटचं, त्रेचाळिसावं कलम मी माझ्या मनाने घातलं : 'पूर्वी तपासून झालेली पुस्तके छापण्याआधी पुन्हा तपासून घ्यावीत.' कुठे काही निसटलंच तर ते यात येईल.

आता हे लिहिताना विचार येतो. ही नोटीस मी लोकांना कळावं म्हणून लिहिली, की 'मी कळवलं होतं' असं पुढे म्हणता यावं म्हणून? दोन्ही असेल. कशाचं प्रमाण किती, ते आज ठरवत नाही.

९ सप्टेंबर

नोटीस वाटली. साध्या छपाईच्या सहा प्रती. ताईंना त्यातली प्रत देण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी खास ब्रेलमध्ये काढली, तीही नव्या यंत्रणेवर. पहिलं काम. सुरेख निघालं, एकही पान अडकलं नाही. मला ब्रेल वाचता येत नाही. चौदा वर्षांत शिकायचं राहूनच गेलं. पडद्यावर नेहमीची अक्षरं दिसतात, त्यावर काम भागतं. पण ठिपके सरळ रेषेत होते.

मिस्त्री एम्बॉसर चालवतात. त्यांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला. "अकरा पानं? कोण गेलं?"

"बदल कळवलेत. वाचा आणि सही करा."

"सही आधी करतो. वाचायचं सवडीने बघू." त्यांनी नोटीस खिळ्याला अडकवली. तिथे दोन वर्षांपूर्वीचीही नोटीस आहे. तीही माझीच.

ताईंच्या खोलीत दोन टेबलं, चार खुर्च्या आणि भिंतभर पुस्तकं. दिवा कधी लावलेला नसतो. मी रजिस्टर पुढे ठेवलं, सही सरळ यावी म्हणून असते ती खाचेची पट्टी योग्य ओळीवर धरली.

"कसली सही?" त्यांनी विचारलं.

"नोटीस मिळाल्याची."

"मिळाली. पण वाचून व्हायचीय अजून."

"ही मिळाल्याचीच सही आहे, ताई."

"मग ठीक. मिळालंय खरं." त्यांनी पट्टीच्या खाचेत सही केली. मग बोट खाचेतून न काढताच विचारलं, "यात माझ्याबद्दल काही आहे का?"

"नाही. यात फक्त सॉफ्टवेअर आहे."

"बाहेर दुसरंच ऐकू येतंय. निम्मं काम वगैरे."

मी म्हटलं की अजून काही ठरलेलं नाही. हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

१० सप्टेंबर

ताईंनी नोटिशीची प्रत परत पाठवली. जागोजागी पानांच्या कडेला मेणाच्या छोट्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या आणि वर टाचणीने लावलेली ब्रेलची एक चिठ्ठी, ब्रेलच्या पाटीवर हाताने टोचलेली. वाचून झाल्याची पोच. इतक्या नीटपणे पोच देणाऱ्या त्या एकट्याच. मिस्त्रींनी शिकायला हवं. चिठ्ठीसकट सगळं फाइलीला लावलं, वर तारीख घातली.

११ सप्टेंबर

वरच्या वर्गाचं गणिताचं पुस्तक छपाईला गेलं. ते ऑगस्टमध्येच ताईंनी तपासून दिलं होतं. फाइल तीच, त्यामुळे थेट यंत्रावर. मिस्त्री म्हणतात नवी यंत्रणा लोण्यासारखी चालते. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली स्तुती.

१५ सप्टेंबर

गणिताचे एक्केचाळीस संच, प्रत्येकी चार खंड, अंधशाळेकडे रवाना. त्यांची सहामाही ६ ऑक्टोबरला आहे. वेळेच्या आधी दिले. आज दुसरं काही नाही.

१८ सप्टेंबर

अंधशाळेतल्या गणिताच्या मास्तरांचा फोन. स्वतः डोळस आहेत, आवाज शांत आणि तो शेवटपर्यंत शांतच राहिला.

"बाई, पहिलंच उदाहरण मुलं मला वाचून दाखवतायत. 'एका टाकीत स्वल्पविराम अर्धविराम लिटर पाणी आहे.' पुढे 'ती अपूर्णविराम तासांत रिकामी होते.' आता यात शोधायचं काय?"

मी म्हटलं, बघून सांगते.

"बघा. सगळे चारही खंड असेच आहेत. आणि परीक्षेला अठरा दिवस."

१९ सप्टेंबर

कारण सापडलं. माझ्यासाठीच इथे सोप्या भाषेत लिहून ठेवते, कारण मला ते आज कळलं.

ब्रेलचं एक अक्षर म्हणजे दोन रांगांत, एकाखाली एक, तीन-तीन ठिपक्यांची जागा. आपले अंक त्यातल्या वरच्या चार जागांत बसतात. गणिताची दुसरी एक पद्धत आहे, तीत तेच अंक एक पायरी खाली उतरवतात. नव्या आवृत्तीत ही खालची पद्धत डिफॉल्ट झाली, म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही तर आपोआप तीच लागते. आमच्याकडची मुलं ती कधी शिकलेलीच नाहीत. त्यांच्या बोटांना खाली उतरलेला एक म्हणजे स्वल्पविराम, दोन म्हणजे अर्धविराम, तीन म्हणजे अपूर्णविराम. आमची वरची पद्धत आम्ही कधी फाइलीत लिहिलेली नव्हती, म्हणून यंत्राने विचारलं नाही. ऑगस्टमध्ये ताईंनी तपासलेली प्रत काढून मिस्त्रींना दाखवली. ते डोळ्यांनी ठिपके लावून लावून वाचतात. तीत अंक बरोबर आहेत. तपासलेलं बरोबर, छापलेलं चूक.

कलम एकोणतीस म्हणजे हेच होतं.

व्यवस्थापकांना सांगितलं. त्यांनी नोटीस मागवली आणि सरळ शेवटचं पान उघडलं. लोक नोटीस तिथूनच वाचतात, हे मला आधी कळायला हवं होतं.

"कलम त्रेचाळीस. तपासलेली पुस्तकं पुन्हा तपासून घ्यावीत. हे कोणाचं काम?"

"मुद्रितशोधनाचं."

"आणि नोटीस मिळाल्याची सही?"

"आहे."

"मग झालं तर. तुम्ही कळवलं होतं, त्यांनी केलं नाही. सव्वीस तारखेला विश्वस्त येतायत, त्यांच्यापुढे एवढंच ठेवू. कराराचाही प्रश्न परस्पर मिटेल. तुम्ही काळजी करू नका, तुमची बाजू कागदावर पक्की आहे."

बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. हे लिहायला नको वाटतंय, पण वाटलं. जिना उतरून खाली येईपर्यंत टिकलं. वीस पायऱ्या आहेत.

२० सप्टेंबर

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भांडी पुसत होता.

"म्हणजे एका दिवसात तू क्लच आणि ब्रेकची अदलाबदल केलीस."

"मी नाही. यंत्रणेने."

"बरं, यंत्रणेने. आणि कागद कुठे लावलास?"

"प्रत्येकाच्या हातात दिला."

"ताईंच्या?"

"त्यांना ब्रेलमध्ये दिला. नव्या यंत्रणेवरच काढून."

तो ताटली हातात धरून थांबला. "त्याच यंत्रणेवर?"

"हो. का?"

"काही नाही," तो म्हणाला. "तू हुशार आहेस, सापडेल तुला."

जेवण होईपर्यंत सापडलं नाही. मग सापडलं, आणि ताईंची परत आलेली प्रत कुठल्या फाइलीला लावली ते आठवत बसले.

२२ सप्टेंबर

सकाळी फाइल घेऊन ताईंच्या खोलीत गेले. प्रत त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, मला ही वाचून दाखवा.

त्यांनी वरची चिठ्ठी चाचपली. "हे तर मीच टोचलेलं आहे."

"हो. काय लिहिलंय?"

"तुम्ही वाचलं नाहीत?"

"मला वाचता येत नाही, ताई."

"एवढ्या वर्षांत?"

"नाही."

त्यांनी चिठ्ठी टेबलावर सपाट केली. मग बोट ठेवून, शाळेतल्यासारखं एका सुरात वाचलं : 'या मजकुरात सगळ्या अंकांच्या जागी विरामचिन्हं पडली आहेत. अंकाची खूण आहे, पुढे अंक नाही. कलमांचे आकडेही लागत नाहीत. यंत्रात काही बिघडलं असावं. दुसरं काही छापण्याआधी बघून घ्यावं. जिथे चूक तिथे टिकली लावली आहे. एकूण अठ्ठ्याण्णव.'

टिकल्या मी मोजल्या नव्हत्या. आता मोजल्या. अठ्ठ्याण्णव.

"मला वाटलं ही पोच आहे," मी म्हटलं.

"पोचच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यापर्यंत पोचली नाही एवढंच."

त्या हसल्या, मला हसता आलं नाही. मग सव्वीस तारखेचं सांगितलं, त्यांनी सही केलेल्या रजिस्टरचं, आणि प्रस्तावातल्या त्या वाक्याचंसुद्धा. त्या वाक्यापाशी त्यांचं हसणं थांबलं.

"निम्मं, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"कशावरून?"

"मंजुरी मिळावी म्हणून."

"म्हणजे कशावरूनच नाही." त्यांनी पानं सारखी केली, कडा जुळवल्या. "ठीक आहे. तुम्ही जा आता. मला दुपारपर्यंत भूगोल संपवायचाय."

२४ सप्टेंबर

अंकांची सेटिंग आता मी फाइलीत स्पष्ट लिहिली आहे. पहिली चार पानं काढून ताईंकडे नेली, त्यांनी एकही टिकली न लावता परत दिली. मगच छपाई पुन्हा सुरू केली. त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. आधीही तेवढंच बोलायच्या, पण तेव्हा मला ते जाणवत नव्हतं.

विश्वस्तांसाठी निवेदन लिहायला घेतलं. पाच पानं झाली. दुसऱ्या पानावर यंत्र कोणत्या फाइलींबद्दल विचारतं आणि कोणत्या नाही, याचं विवेचन आहे. तिसऱ्यावर मूळ यादीतली भाषा किती संदिग्ध होती ते आहे. चौथ्यावर मिस्त्रींचा खिळा आहे. वाचून पाहिलं. सगळं खरं आहे, आणि वाचणाऱ्याच्या मनात शेवटी उरतं ते हे की चूक कोणाचीच नव्हती. मग ताई जातील आणि चूक कोणाचीच नसेल.

खरं सांगितलं तर माझं काय होईल, याचाही विचार केला. बराच वेळ केला.

२६ सप्टेंबर

बैठक वरच्या खोलीत झाली. दोन विश्वस्त, व्यवस्थापक, मी आणि ताई. ताईंना कोणी खुर्ची दाखवली नाही. त्यांनी स्वतः शोधली. व्यवस्थापकांनी रजिस्टर उघडून सही दाखवली आणि कलम त्रेचाळीस मोठ्याने वाचलं.

"तुम्हाला यावर काही म्हणायचंय?" मोठ्या विश्वस्तांनी ताईंना विचारलं.

"सही माझी आहे," ताई म्हणाल्या. "नोटीस मिळाली होती."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. चिठ्ठीबद्दल त्या बोलतील असं मी धरून चालले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी बोलावं आणि मी नुसतं 'हो' म्हणावं, अशी माझी तयारी होती.

मी निवेदन बाहेर काढलं. मोठे विश्वस्त पानांची जाडी बघून म्हणाले, "थोडक्यात सांगा, बाई."

पाच पानं बाजूला ठेवली तर हातात काहीच उरलं नाही. मग म्हटलं, "नोटीस वाचता येण्यासारखी नव्हती. ताईंनी दुसऱ्याच दिवशी लेखी कळवलं होतं. मला ब्रेल येत नाही, मी ते न वाचताच फाइलीला लावलं. आणि काम निम्म्याने कमी होईल हे मी अंदाजाने लिहिलं होतं. त्याला आधार नाही."

व्यवस्थापक म्हणाले, "हे तुम्ही आधी बोलला नाहीत."

"नाही बोलले."

मी ताईंची ब्रेल प्रत पुढे केली. धाकट्या विश्वस्तांनी ती हातात घेतली, टिकल्यांवरून अंगठा फिरवला आणि ताईंना विचारलं, "या सगळ्या चुका तुम्ही एका दिवसात काढल्यात?"

"सकाळी," ताई म्हणाल्या. "दुपारी माझं इतिहासाचं पुस्तक होतं."

ताईंचा करार एक वर्षाने वाढला. मला लेखी समज मिळाली. ती व्यवस्थापकांनी तिथेच हाताने लिहून दिली, साडेतीन ओळींत. मुद्देसूद आहे. यापुढे तपासणीशिवाय काहीही बाहेर जाणार नाही, नोटीससुद्धा.

जिन्यात ताईंना गाठलं. त्यांचा हात कठड्यावर होता. मी म्हटलं, "एक वर्ष मिळालं."

"एकच? दुरुस्ती करायला उठलाच होतात तर दोन मागायचीत."

पुढे पाच-सहा पायऱ्या त्या उतरल्या आणि थांबल्या. "तुम्ही बोलाल असं वाटलं नव्हतं. म्हणून मी गप्प बसले. माझ्या बोलण्याला त्यांनी 'असं कोण म्हणतं' विचारलं असतं."

मी म्हटलं, मलाही वाटलं नव्हतं.

२९ सप्टेंबर

गणिताचे एक्केचाळीस संच पुन्हा तयार झाले. ताईंनी प्रत्येक खंडातली पानं काढून काढून पाहिली. पार्सलं बांधायची तेवढी राहिली होती. दुपारी मास्तरांना कळवलं की उद्या निघतील. त्यांना आनंद व्हायला हवा होता.

"अंक परत वर नेलेत?" त्यांनी विचारलं.

"हो. पहिल्यासारखे."

"अरे देवा."

"का? काय झालं?"

"मी ती पुस्तकं कपाटात ठेवायला सांगितली होती. मुलांनी ठेवली नाहीत. एका मुलीने चौथ्या दिवशी पत्ता लावला. पानांचे आकडे बघितले तिने. पहिल्या पानावर स्वल्पविराम, दुसऱ्यावर अर्धविराम, तिसऱ्यावर अपूर्णविराम. पानं काही क्रम सोडणार नाहीत, म्हणाली. दहापर्यंत लावून काढले आणि सगळ्या वर्गाला शिकवले. पाच धडे झालेत आमचे. उदाहरणं सोडवतायत भराभर. मीच मागे पडलोय."

"मग जुनीच चालवायची का?"

"परीक्षेचा पेपर वरच्या अंकांत येणार ना! नवी पाठवाच. पण सात दिवस उरलेत, आणि आता त्यांची बोटं खाली शोधतायत. नुसता गठ्ठा आला तर त्यांना वाटेल आम्ही पुन्हा काहीतरी बिघडवलं. त्यांना कोणीतरी आधी सांगा, बाई. मी सांगितलं तर म्हणतील, सर, तुम्हाला नीट लागत नाहीयेत."

फोन ठेवला आणि लक्षात आलं की त्रेचाळीस कलमांत मुलांसाठी एकही ओळ नव्हती. पुस्तक वाचणारी तीच होती, आणि कळवायच्या यादीत ती कुठेच नव्हती. मी सहा प्रती साध्या काढल्या आणि एक ब्रेलमध्ये, आणि मला वाटलं की सगळ्यांना कळवून झालं.

संध्याकाळी ताईंना सांगितलं. त्यांनी त्या मुलीचं वय विचारलं. पंधरा, मी म्हटलं. "दोन वर्षांनी माझ्याकडे पाठवा म्हणावं मास्तरांना," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चिठ्ठी किती कलमांची करणार?"

उद्या : पार्सलं बांधण्याआधी मुलांसाठी 'अंक पुन्हा वर नेलेत' अशी एका ओळीची चिठ्ठी, आकडा आलाच तर अक्षरांत लिहून, ताईंनी वाचून हो म्हटल्यावर एक्केचाळीस प्रती.